रक्त मी दिलं

केडगाव

प्रिय दादा,

फोनवर हल्ली तू दोन शब्द बोलतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. जीभ जड झाली म्हणून तुला संकोच वाटतो, हे मला कळतं. म्हणून हे लिहिते आहे. सावकाश वाच.

आधी बातमी सांगते. माझा रिपोर्ट आला. आपल्या घरातला आजार माझ्यात आलेला नाही. आणि माझ्यात नाही, म्हणजे माझ्याकडून निकितात जाण्याचा प्रश्नच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. हे तर खुर्चीत डोळे मिटून बसून राहिले. परतताना सुप्याजवळ गाडी थांबवून आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली. कितीतरी दिवसांनी जेवणाला चव लागली, दादा. मग तुझी आठवण आली आणि घास तोंडातच फिरत राहिला.

आपले अण्णा आठवले. काष्टीच्या बाजारात त्यांचा तोल जायचा आणि लोक म्हणायचे, "सहादेवानं आज लई घेतलेली दिसती." ज्या माणसाने दारूला कधी हात लावला नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं. तू तेव्हा शाळकरी पोर, पण त्यांचा दंड धरून ताठ मानेने चालायचास. पुढे तुझेच पाय लटपटायला लागले आणि तपासणीत आजाराचं नाव कळलं, तेव्हा माझी झोप उडाली. मला एकच ध्यास लागला, निकिताचं रक्त तपासायचं.

आम्ही तिला घेऊन पुण्याला गेलो. हे म्हणाले, "आईबापाची सही चालते ना? मग घ्या रक्त." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हा आजार मोठेपणी दिसतो. आज कळलं तरी आज द्यायला औषध नाही. आणि एकदा कळलं की ते पुसता येत नाही. मुलीला काय वाटतं?" निकिताला काय वाटतं, हे आम्ही घरातून निघताना विचारलंच नव्हतं. बाईंनी आम्हाला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. आत बोलावलं तेव्हा निकिता माझ्याकडे बघून म्हणाली, "मला आत्ता नाही जाणून घ्यायचं. मोठी झाल्यावर माझं मी ठरवेन. तुला जाणून घ्यायचं असेल तर तू तुझं रक्त दे." मला राग आला. बाई म्हणाल्या, तीही घाई करू नका. महिनाभर विचार केला, मग मी माझ्या मनाने गेले आणि रक्त दिलं. रिपोर्ट वाईट आला असता, तरी निकिताचं पुढचं तिच्याच हातात राहिलं असतं. तेवढ्यानेही माझ्या छातीवरचं ओझं हललं होतं.

माझी सुटका झाली म्हणून शहाणपण शिकवते, असं तुला वाटेल. वाटू दे. वहिनीकडून कळलं की सोमवारी तू तुझ्या संस्कृतीला ह्याच तपासणीला नेणार आहेस आणि रक्त कमी आहे का ते बघायचं आहे, असं तिला सांगितलं आहेस. तुझी भीती मला कळते; तुझ्यामुळे तिच्यात आलं असेल, हे तुला आतून खातंय. पण दिवाळीत ती माझ्याकडे होती, तेव्हा अंगणात पोरी पळत होत्या आणि ही पायरीवर बसून होती. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत्या, पप्पा मला सारखं फरशीच्या रेघेवरून चालायला लावतात. पाय चुकला की त्यांचं तोंड उतरतं. म्हणून मी हळू चालते, पळत नाही." अकरा वर्षांची पोर आहे, दादा. सोमवारी जाऊ नकोस. तिला खरं सांग, जेवढं तिला पेलेल तेवढं, आणि पुढचं मोठेपणी तिलाच ठरवू दे. आत्ता तिला पळू दे.

तुझीच,
रोहिणी