येथे भुरटा राहतो

मी, ताबिश कय्यूम शेख, वय सव्वीस, धंदा बोर्ड रंगवणे, शिक्षण सातवी, राहणार आलापल्ली, जिल्हा गडचिरोली, शुद्धीत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी भरवसा दिलेला नाही.

एक. अब्बा गेल्यापासून घरातला माझा जो काही हिस्सा आहे तो अम्मी खातून यांचा. त्यांना तेथून कोणी उठवू नये.

दोन. ब्रश, शिडी आणि सायकल बहीण कहकशाँ हिला. तिचे अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे. "लडकी शिडीवर चढेल काय," असे मामू म्हणाले होते. मामूंना माझे काहीही देऊ नये.

तीन. हे कलम मिळकतीचे नाही, तरी ते वगळता येत नाही.

जवळच्या मोहटोल्याच्या लोकांनी घराच्या कुडासाठी जंगलातून बांबू आणला, म्हणून बांबूच्या ठेकेदाराने भरसभेत त्यांना भुरटे म्हटले. गावकऱ्यांच्या संघटनेचे पुढारी धनराजभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "तो शिवी देते ना, आपन त्याची पाटी लावू. लाजन तोच." मी दारोदार लाल रंगात लिहिले, 'येथे भुरटा राहतो'. तिथले मुखरूभाऊ शिडी धरून हसत होते. "माह्यं मोठं लिही बापा, मी तं जुना भुरटा हाव." मोर्चात बायामाणसे हेच नाव घेऊन नाचली.

उन्हाळ्यात मुखरूभाऊ आणि आणखी काहीजण बांबूचोरीच्या गुन्ह्यात धरले गेले. आरोपींनी स्वतःच्या हाताने दारावर चोरीची कबुली लिहिली आहे, असे पंचनाम्यात आले. मुखरूभाऊंना लिहिता येत नाही.

धनराजभाऊ आता निवडणुकीला उभे आहेत. त्यांच्या दारावरही मी लिहिले होते, ते दार आता हिरवे झाले आहे. मी घरी गेलो तेव्हा म्हणाले, "तो पोरासोरांचा खेळ होता ताबिश. मले त्यात ओढू नको."

मुखरूभाऊंच्या खटल्यात माझी साक्ष दिवाळीनंतर आहे. तोवर मी नसलो तर हे लिहिलेले चालेल का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाची उलटतपासणी कशी घेणार?"

तरीही लिहितो. ती अक्षरे माझी आहेत. ती घोषणा होती, कबुली नव्हती.

चार. मोहटोल्याची दारे कोणी पुसू नयेत. मीच पुसायला रंगाचा डबा घेऊन गेलो होतो. मुखरूभाऊंच्या घरच्या रुखमाबाईंनी हात धरला. "आता पुसलं तं म्हनतीन, पुरावा मिटवला. राहू दे."

पाच. माझ्या जनाज्याला धनराजभाऊ आले तर येऊ द्यावे. भाषण करू देऊ नये.

ठिकाण आलापल्ली, दिनांक १७ सप्टेंबर २००४.

साक्षीदार पहिले: रईस, शेजारी, यांची सही.

साक्षीदार दुसरे: ही जागा धनराजभाऊंसाठी सोडली होती. सध्या कुठेही सही करायची नाही, असा त्यांचा निरोप आला. म्हणून येथे रुखमाबाईंचा अंगठा. त्यांना सर्व मजकूर वाचून दाखविला. तिसरे कलम त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग शाईचे बोट पदराला पुसत म्हणाल्या, "बराबर लिवलं. पन तू नसला तं हे कोर्टात कोन आयकन?"

हेही येथे लिहून घेतले. खाली सही करत आहे.

ताबिश कय्यूम शेख