स्मरणार्थ पाळणा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

ती. आक्कास,

उदयसिंहचा साष्टांग नमस्कार. (खरं तर टेबलाला टेकून लिहितोय, पण मन केव्हाचं आडवं पडलंय, ते धरून घे.) दाजींचा गुडघा कसा आहे? जन्मभर एसटीत उभं राहून तिकिटं काढणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी "उभं राहू नका" सांगायचं म्हणजे त्यांनी ड्रायव्हरच्या मांडीवर बसून तिकिटं काढायची की काय, कळत नाही. तुमच्या काजूला मोहोर चांगला आलाय असं ऐकलं. आम्ही इकडं ठीक आहोत. सुष्मिता जिवंत आहे. हे एवढ्या वर का लिहिलंय ते पुढं कळेल, पण आधी लिहिलेलं बरं.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू पहिल्या वाक्याला "काय झालं रं?" म्हणून ओरडतेस, दुसऱ्याला रडायला लागतेस, आणि तिसरं दाजींना ऐकावं लागतं. ही हकिगत तीन वाक्यांत मावणारी नाही. मध्येच सोडलीस तर नुसती भुताटकीची वाटेल. (शेवटपर्यंत वाचलीस तरी थोडी वाटेलच. मला अजून वाटते.) तेव्हा उजेडात बसून वाच.

तुला ठाऊकच आहे, फौंड्रीत माझं काम स्टोअर सांभाळायचं. एक वायसर कमी भरला तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे सुष्मिताला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दुसऱ्या कुणी पेढे आणले असते, मी सहा पाकिटं आणली. दवाखाना, पाळणा, दूध, औषधं, बारसं आणि अचानक. ('अचानक' म्हणजे काय हो, असं तिनं विचारलं. ते कळलं असतं तर त्याला अचानक कशाला म्हटलं असतं?) पहिलं बाळंतपण माहेरी, ही सगळ्या नवऱ्यांची हक्काची बचत. ती माझ्या नशिबात नव्हती. आम्ही कोर्टात लग्न लावलं आणि त्याच दिवशी तिच्या माहेरचं दार बंद झालं. त्यामुळं खर्च सगळा आपल्याच अंगावर. मग मी रविवारचं मटण बंद केलं. कोल्हापुरात राहून हे करणं म्हणजे काय, ते चंदगडात बसून तुला समजायचं नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरातून रस्स्याचा वास येतोय आणि आम्ही दोघं दोडक्याकडं बघत बसलोय. सुष्मिता साड्यांना फॉल लावत बसायची. तिला पैसे तीनशे मिळाले की दोनशे पाकिटात जायचे. पाच महिन्यांत सहाही पाकिटं गरोदर दिसायला लागली.

मग पहिलं पाकीट घेऊन मी आपल्या भागातल्या नर्सिंग होममध्ये गेलो, अनामत रक्कम भरायला. पाच हजार. काउंटरवरच्या पोरीनं वही उघडली आणि म्हणाली, भरलेत की. मी म्हटलं, दुसरी कोणी सुष्मिता असेल. ती म्हणाली, पत्ता तुमचाच आहे, आणि पावतीची स्थळप्रत माझ्यापुढं ठेवली. आक्का, त्या पावतीवर लिहिलं होतं, 'कै. सुष्मिता हिच्या स्मरणार्थ.' खाली सही होती, पण ती वाचता येईना. नुसती गोल गोल अक्षरं, कढईत सोडलेल्या जिलेब्यांसारखी. मला वाटलं पंखा बंद पडला, एवढं गार-गरम झालं. पोरगी सांगायला लागली. एक म्हातारी बाई आली होती, हिरवं लुगडं, कपाळाला विभूती. नोटांनाही विभूती लागलेली, मोजताना बोटं पांढरी झाली. "पेशंटच्याच नावामागं कैलासवासी कसं लावू, म्हणून मी विचारलं. तर म्हणाल्या, व्हय, गेली ती, दोन वर्सं झाली. आणि मग मलाच विचारलं, बाळंतपणाची तारीख कधीची हाय म्हणून."

मी घरी कसा पोचलो ते आठवत नाही. पाकीट तसंच भरलेलं, खिशात दगडासारखं लागत होतं. सुष्मिता उंबऱ्यात बसून चिंच खात होती. मी आधी तिच्या पायांकडं बघितलं. सरळ होते. पुन्हा बघितलं. ती म्हणाली, "पायाकडं काय बघताय? सुजलेत व्हय?" मी म्हटलं, नाही, छान आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, पण मी तिच्या पायांची तारीफ कधी केली नव्हती. त्यामुळं आता तीच माझ्याकडं संशयानं बघायला लागली. पावतीचं तिला सांगितलं नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला 'तू वारलीस' हे कुठल्या शब्दांत सांगायचं?

आठवड्यानं पाळण्याचं पाकीट उचललं. रंकाळ्याकडच्या एका सुताराकडं मी सागवानी पाळणा सांगून ठेवला होता. चार वेळा घासाघीस करून (चौथ्या वेळी त्यानं मला चहासुद्धा दिला नाही) साडेसहा हजाराला तोडला होता. दुकानात गेलो तर कोणी नाही. भर दुपार, सगळीकडं भुसा, आणि मधोमध पाळणा टांगलेला. तो हलत होता. वारा नव्हता, माणूस नव्हतं, आणि तो आपला संथपणे जात होता, येत होता. (कडी तपासायला सुतार झोका देऊन मागं पाणी प्यायला गेला होता, हे नंतर कळलं. नंतर कळून काय उपयोग?) जवळ गेलो. उशाच्या बाजूला पितळी पट्टी ठोकलेली. देवळातल्या पंख्यावर असते ना, तशी. 'कै. सुष्मिता हिच्या स्मरणार्थ.' पाळणा माझ्याकडं यायचा तेव्हा नाव वाचता यायचं, लांब जायचा तेव्हा पुसट व्हायचं. सुतार आला तो म्हणाला, पैसे मिळाले, पूर्ण मिळाले, तुमच्यासारखी घासाघीस न करता मिळाले. मी म्हटलं, ही पट्टी काढा. तो म्हणाला, "न्हाई जमायचं. बाई सांगून गेलीया, पट्टी लावलीच पायजे, न्हाईतर मालक पैसं देत न्हाईत."

कोण मालक? यम?

त्यानंतर दूधवाल्यानं सांगितलं, बाळंतपणानंतरचे तीन महिने रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध जमा आहे, "मयताच्या नावानं." आक्का, चोरी झाली की माणूस पोलिसात जातो. पैसे जात नाहीत म्हणून कुठं जायचं? मी पाकिटांना घाबरायला लागलो. पाच महिने पोट मारून साठवलेली एकेक नोट जिथल्या तिथं, आणि माझ्या आधी कोणीतरी सगळीकडं जाऊन आलेलं. बाजारात सुष्मिताला पुढं चालू देईना, मागं राहू देईना. ती झोपली की नाकाशी बोट धरून बघायचो. अंगारा आणला, तो तिच्या चहात टाकला, तिनं चहा ओतून दिला आणि गवळ्याला पातळ दूध घातल्याबद्दल झापलं.

शेवटी ती पावती तिलाच सापडली. फॉलचे दोनशे ठेवायला 'दवाखाना' पाकीट उघडलं आणि पाच हजाराबरोबर ती स्थळप्रतीची झेरॉक्स बाहेर आली. (मी पुरावा म्हणून काढून घेतली होती. स्टोअरची सवय.) मी दारात उभा. वाटलं, आता ही किंचाळणार. तिनं त्या सहीच्या जिलेब्यांवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "शांतव्वा. अव्वाची, माझ्या आईची, सही हाय ही. तिला कन्नडमधून एवढंच लिहायला येतं."

मग तिनं मला जे सांगितलं ते दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. कागलच्या पलीकडं, सीमेवर तिचं गाव. आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी, बसाप्पांनी, "आमची लेक मेली" असं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. तिच्या दहावीच्या फोटोला हार घातला, गावाला जेवण घातलं, आणि देवापुढं हात ठेवून घरातल्या सगळ्यांना तिच्याशी न बोलण्याची शपथ घ्यायला लावली. माझी बायको तिकडं दोन वर्षं रीतसर मेलेली आहे, आक्का, आणि मी इकडं तिच्या पायांकडं बघतोय.

तपासणीची तारीखही म्हातारीनं काउंटरवर विचारून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही गेलो. बाकावर हिरवं लुगडं बसलेलं. सुष्मिता दारातच थांबली, मग चालत गेली आणि शेजारी बसली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, त्याच्याकडं बघत बसल्या. मी खांबाला धरून उभा.

शांतव्वा म्हणाली, "कुठलं गं बाई, गाव तुझं?"

सुष्मितानं क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "हितलंच. पेठेतलं."

"माझी बी एक लेक होती. तुझ्याएवढीच. चिंच लय खायची."

"कशानं गेली?"

"मालकांच्या रागानं. फोटूचा हार रोज मीच बदलते. सुकलेला बरा दिसत न्हाई. मालक म्हणाले, मेलेल्या लेकीच्या नावानं काय दानधर्म करायचा तो कर. मग म्हटलं, पेठेत विचारत हिंडून एखादी गरीब बाळंतीण बघावी. तिचं बी नाव सुष्मिता असलं तर चांगलंच की."

सुष्मिताचे खांदे हलायला लागले. "माझी आई यायची न्हाई बाळंतपणाला," ती म्हणाली. "तिला बंदी हाय."

"तिला असंल. मला न्हाई. मी दुसऱ्याच कुणाचीतरी आई," असं म्हणून शांतव्वानं, तक्त्याकडं बघतच, तिच्या पोटावर हात ठेवला. बाळानं आतून लाथ मारली असणार, कारण दोघी एकदमच दचकल्या. आणि आक्का, दोन अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की नर्सनं येऊन विचारलं, कोण गेलं?

मी बाहेर पळालो. फाटकाजवळ चिंचेच्या सावलीत एक पागोटेवाला म्हातारा दवाखान्याकडं पाठ करून उभा होता. मी जवळून जाताना त्यानं न बघता हाक मारली, "ओ पावणं, त्या आतल्या गरीब बाईचं वजन वाढलं का?"

मी म्हटलं, "महिन्यात दीड किलो."

"ठीक हाय." मग म्हणाला, "नवरा कसला हाय म्हणं तिचा?"

काय सांगणार? म्हटलं, "जरा चिक्कू हाय. पण बरा हाय."

"चिक्कूच बरा," बसाप्पा म्हणाले. "उधळ्यानं घर बुडतं." आणि पाठ तशीच ठेवून त्यांनी हात मागं केला. हातात पावती होती, पट्टीच्या पितळेची, सव्वाशे रुपयांची. "ही तेवढी सुतारानं जास्तीची लावलीया. तुमी भरा."

मी भरली, आक्का. 'अचानक' पाकिटातून. पाच महिन्यांत पहिल्यांदा एक पाकीट फुटलं, आणि मला सुटकेसारखं वाटलं.

घरात थोरांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर एकेक थाप.

तुझा,
उदयसिंह

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तू बाळंतपणाला चाळीस दिवस यायचं ठरवून लाडू वळून ठेवलेस, दाजींना सुट्टी काढायला लावलीस, सगळं कळतंय. पण खोल्या दोन. तिथं आता शांतव्वा राहणार, दानधर्म म्हणून. तेव्हा तू बारशालाच ये. हे एक वाक्य लिहायला धीर होत नव्हता म्हणून वरची पानं लिहिली. लाडू मात्र पुढं पाठव.

आणखी एक : बारशाला शांतव्वा भेटली की तिला विहीणबाई म्हणू नकोस. गाव कुठलं, असं विचार.

शेवटचं, आणि हे जपून कर : चंदगडच्या बाजारात बसाप्पांचा पुतण्या रुद्रेश याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्यांची शपथ मोडली तर नाही ना, हे बघायला तो तुझ्याकडं चौकशी करणार. विचारलंच, तर गंभीर चेहऱ्यानं सांग, की आमची भावजय दोन वर्षांपूर्वी वारली, आता नववा लागलाय, आणि तिची तब्येत एकदम झकास आहे.