मेणात राहिलेला तुकडा

प्रिय ताई,

काल मुंबईच्या इस्पितळातून निरोप आला म्हणून जाऊन आले. इतक्या वर्षांनी! तुझ्या पोटातून काढलेल्या गाठीचा एक तुकडा त्यांनी मेणात घालून अजून जपलाय. आपल्याला कुठे ठाऊक होतं गं?

डॉक्टरीणबाईंना तो तपासायचाय. गाठीतली कुठली जनुकं जागी होती, कुठली झोपलेली, त्यावरून पुढे कोणाचा आजार पुन्हा उलटेल ते आधी ओळखता येईल का, हे त्या शोधताहेत. त्यासाठी माझी सही हवी.

मी एकच विचारलं, "वेळेवर आणलं असतं तर ताई जगली असती का, हे कळेल?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "एकेका माणसाचं असं नाही सांगता येत."

आईला हे उत्तर कसं सांगू?

पोट दुखतं म्हणून तू खर्डीहून माहेरी आलीस. आई म्हणाली, "वाटी सरकली गो तुजी," आणि तेल लावून बेंबीभोवती चोळत बसली. मुरबाडच्या आपल्या गावातल्या बाया पोट दुखलं की वाटी बसवायला तिच्याकडेच यायच्या ना! तुला बरं वाटायचं, की आईसाठी तसं म्हणायचीस? अख्खा पावसाळा त्यात गेला. एकदा तरी ओरडायचंस! तुझ्या त्या सोसण्याचा मला अजून राग येतो.

इस्पितळात तुझ्या शेजारच्या खाटेवरची, म्हसा गावची बाई आठवते? दोघींची गाठ सारखीच, असं डॉक्टर म्हणाले होते. ती अजून तिथल्या जत्रेत बांगड्या विकते. आई जत्रेला जात नाही.

तू गेल्यापासून तिने कोणाच्या पोटाला हात लावलेला नाही. काल तुकड्याचं ऐकून म्हणाली, "म्हंजी माजी पोर अजून पुरती जलली नाय? आना तिला, नदीत सोडू." आज सकाळी चुलीपुढे बसून आपणच म्हणाली, "ऱ्हाऊं दे. कोनाच्या पोरीला उपेगी पडंल."

हल्ली माझंही पोट दुखतं, ताई. आईपुढे आडवी झाले तर तिने हात पदरात लपवले. "आदी दुर्बीन घालून ये."

उद्या सही करेन, पोटात दुर्बीण घालून तपासूनही घेईन. काहीही निघो, घरी आल्यावर तिचे हात पदरातून काढून माझ्या पोटावर ठेवीन. हे तुला वचन.

तुझी धाकटी,
सुमन