साडू, मी आणि डायल-अपची खिडकी

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. दुरुस्तीची शास्त्रशुद्ध नोंद राहावी म्हणून.

गेल्या महिन्यात घरात केबलचं इंटरनेट आलं. फोनवाला जुना मॉडेम माळ्यावर गेला. पण आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या डोक्यात हे शिरलेलं नाही. घटकाभर गेला की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडते. डायल-अप जोडू का? पासवर्ड द्या. कॅन्सल केलं की जाते आणि हाकललेल्या मांजरासारखी परत येते.

बायको घरी बसून छापखान्याचं टायपिंग करते. सध्या एका निवृत्त न्यायाधीशांचं आत्मचरित्र चालू आहे. आज ऐन निकालाच्या वेळी खिडकी आली आणि न्यायाधीशांचं अर्धं वाक्य पासवर्डच्या चौकटीत गेलं. ही म्हणाली, मी बघते काय ते, भावजींशीही याबद्दल बोलायचंच आहे.

भावजी म्हणजे हिच्या ताईचा नवरा. माझा साडू. त्याने माझ्याआधी गाडी घेतली, माझ्याआधी त्याला बढती मिळाली, आणि जावईसुद्धा तो माझ्याआधीच झाला. सासूबाई त्याला जावईबापू म्हणतात. मला 'अहो, जरा ऐका'.

हिला स्पष्ट सांगितलं, कोणाशी बोलायची गरज नाही. घरात पुरुष आहे. रविवारी ताई आणि साडू जेवायला येणार. त्याच्या आत खिडकी कायमची बंद.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला 'एका मित्राची' अडचण म्हणून विचारलं. म्हणाला, इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्सचं पान उघडायचं, तिथे तीन पर्याय असतात. कुठला निवडायचा तेही सांगायला लागला. मी थांबवलं. तिनातला एक निवडायला मला मदत लागत नाही. लग्नाच्या वेळीही तीन स्थळं होती. दोघींनी नकार दिल्यावर मी ठाम निर्णय घेतला.

संध्याकाळी पान उघडलं. वर 'नेव्हर डायल', मध्ये एक लांबलचक काहीतरी, खाली 'ऑल्वेज डायल'. आणि खूण होती 'नेव्हर'वर! सापडला रोग. नेव्हर म्हणजे कधीच नाही. ज्याला कधीच परवानगी नाही तो परत परत विचारणारच. आमचा शिपाई बघा, रजा मंजूर होत नाही म्हणून रोज अर्ज देतो. मी 'ऑल्वेज' केलं. एकदाच कायमची परवानगी.

जेवणापर्यंत खिडकी येतच राहिली. औषध सुरू केलं की आजार आधी उसळतो.

६ मार्च, गुरुवार

वा! ही म्हणाली, आज दिवसभर खिडकी आली नाही, न्यायाधीश पार हायकोर्टात पोचले. मी नम्रपणे हसलो.

मग सहज पान उघडलं तर पुन्हा 'नेव्हर'. जुनं यंत्र, विसरतं. पुन्हा 'ऑल्वेज' केलं. लगेच खिडकी. दिवसभर हिच्यासमोर गप्प आणि मी बसलो की सुरू. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथे कॉम्प्युटरही फिरला.

नंतर ही आतल्या खोलीत फोनवर होती. चोरून ऐकणं माझ्या स्वभावात नाही. पण पाण्याची बाटली नेमकी दाराशी होती. एवढंच कानावर पडलं की हो भावजी, तेच पान, हां, तिथेच. मग पुष्कळ हसणं. मग, हुशार आहात हो तुम्ही!

एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या वाट्याला आलेला नाही. एकदा 'आज वेळेवर आलात' म्हणाली होती.

म्हणजे साडू हिला फोनवरून शिकवतोय. माझा कॉम्प्युटर, माझं फोनचं बिल आणि हुशार तो!

७ मार्च, शुक्रवार

पुन्हा 'नेव्हर'. कुठेतरी पाणी मुरतंय. साडू स्वतः येऊन करतो की हिच्याकडून करवून घेतो, एवढाच प्रश्न.

मोरीत दोन कप होते. कोण आलं होतं विचारलं. छापखान्याचा माणूस पानं न्यायला आला होता म्हणे. छापखान्याच्या माणसाला पाहुण्यांच्या कपात चहा?

मी जळत नाहीये. जळणाऱ्यांचं जेवणावर लक्ष नसतं. मी दोनदा भात घेतला. दुसऱ्यांदा घेतला ते ही म्हणाली म्हणून कळलं.

'ऑल्वेज' केलं. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकून ठेवला, निळी किनार भिंतीकडे.

८ मार्च, शनिवार

निळी किनार आज खिडकीकडे! म्हणजे खऱ्या खिडकीकडे, रस्त्याच्या बाजूच्या. चोर सापडला. आतलं पान पाहिलं तर अर्थातच 'नेव्हर'.

'ऑल्वेज' केलं. उद्या साडूला सगळ्यांसमोर उघडं पाडणार. चार वाक्यं पाठ केली आहेत. आवाज शांत ठेवायचा.

९ मार्च, रविवार, सकाळ

तपासलं. अजून 'ऑल्वेज'. मी घरात असलो की कोणाची हिंमत होत नाही. सिद्ध झालं.

९ मार्च, रविवार, संध्याकाळ

जेवणं झाल्यावर सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, आता बघा कायमचा इलाज. खिडकी आली. कॅन्सल केलं. आली. पाठ केलेली चार वाक्यं विसरलो. एकदम ओरडलोच, साडूभाऊ, माझ्या यंत्रावरचा हात काढा!

साडूने खरंच टेबलावरचा हात काढला. म्हणाला, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याच्याही घरी हीच खिडकी येत होती. गुरुवारी माझ्या बायकोने फोनवरून एकेक गोष्ट सांगत त्याच्याकडून 'नेव्हर' करून घेतलं. ते पान सापडायलाच त्याला इतका वेळ लागला की शेवटी ती त्याला हुशार म्हणाली. पोराला बूट घालता आले की म्हणतात तसं. हे त्यानेच हसत सांगितलं. ताई पदर तोंडाला लावून आत गेली.

मग ही हळूच म्हणाली, आपल्याकडे बुधवारपासून रोज 'नेव्हर' मीच करत होते, तुम्ही ऑफिसला गेलात की. संध्याकाळी मी ते उलटं करतो, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या कामासाठी तुम्ही पहिल्यांदा एवढे झटत होता. बघायला बरं वाटत होतं.

तेवढ्यात खिडकी आली. कॅन्सल केलं.

१० मार्च, सोमवार

'नेव्हर'. मीच केलं. खिडकी आली नाही. संध्याकाळी बराच वेळ समोर बसून पाहिलं. करमेना.

शेवटी अभिमान गिळून हिला म्हटलं, मला शिकव. मनात हिशेब असा की महिन्याभरात साडूला फोनवरून सूचना मी देईन आणि पाहुण्यांच्या कपात चहाही मीच घेईन.

ही फार खूश झाली. म्हणाली, रविवारी दुपारी बसा, भावजींनाही तीच वेळ दिली आहे. त्यांचा पहिला धडा झालेला आहे, तेव्हा काही अडलं तर मला हाक मारू नका. आधी त्यांना विचारा.