अर्ध्या मापाचं औषध

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच आडवा पडून घालतोय, फक्त उताणा.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं घोरणं? माझी मुळीच काळजी करू नकोस, मी हॉस्पिटलात आहे.

झालं असं, की लघवीच्या मार्गात शिरलेले जंतू मला न विचारता थेट रक्तात गेले. मला वाटलं, साधा ताप. त्या तापातच मी वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या बाजूला शिवल्या आणि वर त्यांनाच सुनावलं, की तुमचा हात चुकीच्या जागी आहे. भला माणूस! भांडायचं सोडून मला गाडीत घालून इथे घेऊन आला. आता शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरलाय, आणि खरी कटकट इथून पुढे आहे.

इथे एक अभ्यास चाललाय. माझ्यासारख्या दुखण्याला औषध सात दिवस पुरतं की चौदा दिवस लागतं, हे ठरवायचंय म्हणे, म्हणून कोणाला किती ते कॉम्प्युटर चिठ्ठी उचलल्यासारखं सांगतो. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं, पण त्या इतक्या गोड बोलत होत्या, की मी ऐकायचं सोडून नुसती मान डोलावली आणि सही ठोकून मोकळा झालो. निकाल लागला. मला सात, आणि शेजारच्या खाटेवरच्या रिटायर्ड कंडक्टरला चौदा! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. जन्मभर गिऱ्हाइकाला पुऱ्या मापाचं शिवून दिलं, आणि माझ्या वाट्याला एका पायाची विजार? बाई म्हणाल्या, गरजेपेक्षा जास्त दिलं तर जंतू निर्ढावतात, शिवाय पोट बिघडतं ते वेगळंच. पटलं मला. पण ताई, पटलं तरी भीती जात नाही. घरी मी एकटा. पुन्हा ताप चढला, तर बाह्या कुठे लागल्यात हे सांगायला तिथे कोण आहे?

कंडक्टरचं रडगाणं नेमकं उलटं. त्याचा कुत्रा त्याच्यावाचून अन्नाला तोंड लावेना. त्याला सात हवे होते, मला चौदा. दोघांची अक्कल एकत्र केली (चमचाभर भरली) आणि दुपारी सगळे पेंगत असताना आम्ही खाटा बदलून तोंडावर पांघरुणं ओढली. पण इथली गंमत अशी, की औषध देतात मनगटावरची पट्टी वाचून, आणि बाकी सगळं खाट बघून. त्यामुळे औषध ज्याचं त्यालाच मिळालं. मला मिळालं कंडक्टरचं बिनमिठाचं सूप, आणि ते संपतंय तोच वॉर्डबॉय त्याचा एनिमा घेऊन हजर! तो माणूस मी नाही म्हणून मी गळा काढला, तर म्हणतो कसा, सगळे असंच म्हणतात. कंडक्टर माझ्या खाटेवर पांघरुणात गदागदा हसत होता, मेला. पुढचं लिहीत नाही, तू मोठी आहेस.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही मनसोक्त झापलं. मग कंडक्टरच्या बायकोने घरी त्याची जुनी टोपी घातली, शिट्टी फुंकली, आणि कुत्र्याने मुकाट्याने ताटली चाटून पुसून साफ केली. त्याचं भागलं. राहिलो मी. उद्या माझे सात दिवस भरतात.

भाऊजींना नमस्कार. (जागे असले तर.)

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. जरा बरं वाटलं की तू गोळ्या मध्येच सोडतेस आणि उरतील त्या बिस्किटांच्या डब्यात टाकतेस, त्यातल्या सात दिवस पुरतील एवढ्या पाठव. कुठल्याही चालतील. पिवळ्या असल्या तर बरं.

ता. क. २ – एवढं लांबलचक काय लिहिलंत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी मूर्खासारखं सगळं वाचून दाखवलं. एनिमापर्यंत हसत होत्या, डब्यापाशी हसू गेलं. त्या गोळ्यांना मी हात लावायचा नाही आणि तूसुद्धा नाही, आणि पुन्हा डॉक्टरांना न विचारता औषध मध्येच सोडायचं नाही, असा तुला निरोप आहे. मला म्हणाल्या, तुम्ही बरे आहात, खुशाल घरी जा, ताप आला तर मात्र तडक या. फक्त थोडे दिवस लक्ष ठेवायला सोबत कोणी आहे ना? मी छाती काढून सांगितलं, आहे की!

ता. क. ३ – डबा राहू दे, ताई. तूच ये, सात दिवस.