लॉग टेबल हिसकावलं तेव्हा

मिरज, १८ फेब्रुवारी

ति. आकाराममामांस,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी परीक्षेपुरता माझा मोबाईल कपाटात ठेवलाय, म्हणून पत्र. आज बारावीचा फिजिक्सचा पेपर होता. पर्यवेक्षकांनी माझं लॉग टेबल हिसकावलं. म्हणाले, छापील आकडे म्हणजे कॉपीच. कॅल्क्युलेटर चालत नाही, पण हे बोर्डाला चालतं, असं मी सांगितलं. तर उलट बोलतेस म्हणून वर्गासमोर उभं केलं. मग मी ते लांबलचक गुणाकार-भागाकार हातानं करत बसले आणि दोन गणितं कोरी राहिली. मामा, मला ती येत होती!

बाबा म्हणतात, मोठ्यांशी वाद नको. मी आता केमिस्ट्रीला बसणारच नाही.

तुमची चिडलेली भाची,
क्रांती


कोरेगाव, २० फेब्रुवारी

चि. क्रांतीस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं लय तापलं. मामी म्हणाली, आधी जेवा, न्हाई जेवलो. अगं, तोफखान्यात आमी ह्याच टेबलात बघून मोठाले गुणाकार बेरजेवर आणायचो आन् तोफेचा पल्ला काढायचो. ओळ चुकली तर गोळा आपल्याच माणसांवर! आन् ह्यो मास्तर त्येला कॉपी म्हणतो?

पर राग तुझ्यावरबी हाय. त्यानं दोन गणितं घेतली, तू अख्खं वर्ष देणार व्हय? गुमान पेपरला बस. आन् दाजींना हे वाचून दाखव: दाजी, लेकीला गप करायला तोंड हाय, मग शाळेत बोलायला का न्हाई? गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर आजच यष्टी धरली असती.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.
आकाराममामा


मिरज, २४ फेब्रुवारी

ति. मामांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र ऐकलं आणि बाबा उठले. चप्पल घालून मला घेऊन शाळेत निघाले. केंद्रप्रमुख म्हणाले, सर नवे आहेत, गैरसमज झाला. त्यावर बाबांचा आवाज इतका चढला की शिपाई धावत आला. टेबल काढून घेतलं हे लिहून द्या म्हणाले, आणि मिळेपर्यंत हलले नाहीत. ते बोर्डाला पाठवलंय. मार्क मिळतील असं मात्र कुणी सांगत नाही.

आज केमिस्ट्रीला बाकाबाकावर लॉग टेबल ठेवलं होतं. पेपर पूर्ण सोडवला. मागच्या बाकावरची प्रांजल म्हणाली, त्या दिवशी तिचंही काढून घेतलं होतं. भीतीनं ती घरी बोललीच नाही. बाबा फाटकाशी उन्हात उभे होते. त्यांच्यावरचा राग अजून गेला नाही, मामा. पण ते तसेच प्रांजलच्या घरी आले. तिचे वडील म्हणाले, जाऊ द्या, कशाला वाद. तेव्हा बाबाच त्यांना समजावत बसले, की असं गप्प बसू नका.

गुडघा जपा, माझ्यावर माया असू द्या.
तुमची,
क्रांती