पत्राच्या माथ्यावरची ओळ

हॅरो
३ सप्टेंबर २०२४

प्रभू येशूच्या गोड नावात सलाम.

चि. शशीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. ईरा म्हणते, आजी, लेटर पोचायला दोन दिवस लागेल. म्हटलं, लागू देत, तुझे ग्लासगोचे आजोबा कुठे पळून चाललेत.

तिच्या वाढदिवसाला आलास, बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी उपासनेत जे झालं ते डोक्यातून जात नाही. महिन्यातून एकदा आपण मराठी माणसं त्या भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. सगळे उभे राहून मतांगीकारातली विश्वासाची कबुली म्हणत होते आणि तू मध्येच खाली बसलास. अरुणाबाईंनी तुझ्या तोंडात बिस्किट कोंबलं, कोणी कॉलरचं बटण उघडलं, गिरीश पाळकांनी पुढचं भजन थांबवलं. जन्मभर लोकांना भूल देणारा डॉक्टर तू, आणि बिस्किट चघळत गप्प बसून राहिलास. गाडीत विचारलं तर काही नाही म्हणालास. जी.पी.कडे जाऊन बी.पी. तपासून घे. मी नर्स होते, मला शिकवू नकोस.

श्यामलाला जाऊन जानेवारीत वर्ष होईल. एकोणीस तारखेच्या रविवारी तिच्या स्मरणाची उपासना ठेवायची असं पाळकांशी बोलले आहे. तुला यावंच लागेल. तिच्याबद्दल दोन शब्द तूच बोलायचेस.

जेवतोस ना नीट? फ्रीजरमधले डबे संपले असतील तर कळव. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी
अनुताई


ग्लासगो
१९ सप्टेंबर

देवपित्याच्या नावाने सलाम.

ती. ताईस, वि. वि.

पत्र मिळालं. बी.पी. उत्तम आहे. डबे संपले नाहीत, कारण मी ते काढलेच नाहीत.

मला चक्कर आली नव्हती. येशू ख्रिस्त, देवाचा एकुलता पुत्र, आमचा प्रभू, या ओळीपाशी आलो आणि पुढचं तोंडातून निघेना. उभं राहून गप्प बसणं खोटं वाटलं, म्हणून खाली बसलो. बिस्किट नाकारण्याएवढं त्राण नव्हतं.

फेब्रुवारीत गिरीश पाळकांचा सांत्वनाचा फोन आला होता. चांगले आहेत ते, ओघात त्यांनी विचारलं, वहिनींचा बाप्तिस्मा झाला होता ना? मी नाही म्हणालो. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, आपण देवाच्या दयेवर सोडू. त्या थांबण्याचं मी काय करू? तुला माहीत आहे, श्यामला जन्माने हिंदू. चौतीस वर्षं माझ्याबरोबर चर्चला आली, खुर्च्या मांडल्या, केक केले, नाताळची भजनं माझ्यापेक्षा सुरात म्हटली. पण बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मीही घे म्हटलं नाही.

तेव्हापासून वाचतो आहे. येशूने स्वतःच पित्याला आपल्याहून थोर म्हटलंय. तो प्रार्थना करायचा, तीही स्वतःलाच करत नसणार. तो देव होता की देवाने पाठवलेला माणूस, यावरून जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वी बिशप मंडळी भांडली होती. जे हरले, त्यांचं म्हणणं मला आता पटतं. सगळ्यांत चांगला माणूस, पण माणूस. आणि मेलेला माणूस झोपतो, देव उठवील तेव्हा उठतो. भुलीखाली गेलेल्या पेशंटला मधले चार तास कळत नाहीत. श्यामलालाही कळत नसेल. मला तेवढं पुरे आहे.

हे लिहिताना वाईट वाटत नाही. बरंही वाटत नाही. दाताला भूल दिल्यावर ओठ कसा आपला वाटत नाही, तसं जानेवारीपासून सगळंच आहे. कचऱ्याच्या दिवशी बिन बाहेर ठेवतो, मग आत आणतो.

जानेवारीचं ठरवलेलं नाही. ईराला पापा.

तुझा
शशी


हॅरो
८ ऑक्टोबर

प्रभू येशू ख्रिस्ताच्या, आपल्या देवाच्या नावात सलाम.

चि. शशी,

वर मुद्दाम पूर्ण लिहिलंय. तुझ्या पत्राचा माथा पाहिला आणि हातातला चहा खाली ठेवला. दादा नगरहून आपल्या दोघा लेकरांना लिहायचे, तेव्हा शाई संपत आली तरी ती पहिली ओळ पूर्ण असायची. मिशनच्या शाळेतला मास्तर माणूस, एक कार्ड वाया गेलं तर हळहळायचा, पण त्या ओळीत काटकसर नव्हती. तू ती एका फटक्यात निम्मी केलीस.

मी काही तुझ्यासारखं वाचलेलं नाही. पण थोमा शिष्याने वधस्तंभाच्या जखमा पाहून त्याला माझा देव म्हटलं, तेव्हा येशूने त्याला गप्प केलं नाही, एवढं मला माहीत आहे. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला त्याने आजच माझ्याबरोबर स्वर्गात असशील असं कबूल केलं होतं, झोप नाही. आणि तो नुसता चांगला माणूस असेल, तर चांगली माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली. ती मरणाऱ्याचा हात धरायची. मरणापलीकडे नेणारं त्यांच्यात कोणी नव्हतं. आमच्या यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते कुठेतरी जागे आहेत आणि मी यायची वाट पाहत आहेत, या एका गोष्टीवर मी सकाळी उठते. ती काढून घेऊ नकोस रे. मला भीती वाटते.

आणि श्यामलाची काळजी सोड. ती सुखरूप आहे. मला ठाऊक आहे. कसं ते विचारू नकोस, पण ठाऊक आहे.

अरुणाबाई तुझी चौकशी करतात. त्यांची अजून खात्री आहे की साखर उतरली होती. रागावले असले तरी जीव तुझ्यातच आहे, हे विसरू नकोस.

अनुताई


ग्लासगो
२० ऑक्टोबर

ती. ताईस सलाम.

नऊ वर्षांचं वाचलं. मी काही काढून घेत नाही. घेता आलं असतं तरी घेतलं नसतं.

जानेवारीला येणार नाही. उपासना मतांगीकाराने सुरू होईल. पाळक श्यामलाचं नाव घेतील आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच थांबेल. मला तो ऐकायचा नाही. तुम्ही करा. तिचा निळ्या साडीतला फोटो पाठवतो.

ती सुखरूप आहे हे तुला ठाऊक आहे असं लिहिलंस. कसं ठाऊक आहे? विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारतो. खरं लिही.

इथे चार वाजताच अंधारायला लागेल आता. बाकी ठीक.

शशी


हॅरो
११ नोव्हेंबर

प्रभूच्या नावात सलाम.

चि. शशी,

तीन आठवडे हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आता फाडणार नाही.

मिशनच्या इस्पितळात आम्ही शिकत होतो, तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत कोपऱ्यात झाकलेला एक वाडगा असायचा. मूल जगणार नाही असं दिसलं आणि पाळक पोचणार नसले, तर नर्सने त्यातलं पाणी मुलाच्या कपाळावर घालायचं आणि तिन्ही नावं घ्यायची, तोच त्याचा बाप्तिस्मा, असं मेट्रनने शिकवलं होतं. मी अकरा मुलांना पाणी घातलं. त्यातलं एकच जगलं. एकाही आईला विचारलं नाही. वेळच नसायचा, असं आम्ही म्हणायचो.

जानेवारीत मी हॉस्पिसमध्ये श्यामलाजवळ बसायला आले होते. चौदा तारखेला, रविवारी सकाळी, तू अंघोळीला घरी गेलास. ती झोपली होती. तोंड ओलं करायला काडीवरचा गुलाबी स्पंज ठेवलेला असतो ना, तो मी पेल्यात बुडवला आणि तिच्या कपाळावर तीनदा पिळला. पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. मग टिश्यूने कपाळ पुसलं. तू आलास तेव्हा मी खिडकीशी उभी होते.

म्हणून मला ठाऊक होतं. म्हणून मी वर्षभर शांत झोपले आणि तू नाही. तू पाळकांना नाही म्हणून सांगितल्याचं वाचलं, तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

ती झोपली होती म्हणून विचारलं नाही, हे खोटं आहे. मी तिला उठवू शकले असते. ती नको म्हणेल या भीतीने विचारलं नाही. ती बाळ नव्हती, शशी. साठ वर्षांची शहाणी बाई होती, आणि मी तिला विचारलं नाही.

तुला आता काय वाटायचं ते वाटो. या पत्रावर आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

अनुताई


ग्लासगो
२४ नोव्हेंबर



ती. ताईस, वि. वि.

श्यामला जागी होती.

त्याच संध्याकाळी, तू खाली चहा प्यायला गेलीस तेव्हा, तिने मला सांगितलं. आवाज अगदी बारीक झाला होता, कान तोंडाशी न्यावा लागला. म्हणाली, "वन्संचा हात थरथरत होता. डोळे उघडले असते तर त्यांना तोंड लपवायला जागा उरली नसती. म्हटलं, करू देत." मग जरा दम घेऊन म्हणाली, "त्यांना सांगू नकोस मला कळलं म्हणून." तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी तिचा शब्द आजपर्यंत पाळला. आज मोडतो आहे. तू एवढं खरं लिहिल्यावर मी गप्प बसणं बरोबर नाही.

पाळकांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, ते सगळं माहीत असून. हो म्हटलं असतं तर त्यांचा आवाज मोकळा झाला असता, आणि श्यामला चार थेंबांवर स्वर्गात गेली असती. ज्या देवाचं मन चार थेंबांनी बदलतं, त्याच्याकडे तिला पाठवायला मला जमेना. माझं वाचन तिथून सुरू झालं. तुझ्यामुळे नाही, पण तिथून.

तिने सांगितलं तेव्हा मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही, काहीच आलं नाही. परवा तुझं पत्र वाचलं आणि राग आला. इतका की जॅकेट न घालता बाहेर पडलो, नदीपर्यंत चालत गेलो आणि थंडीने दात वाजायला लागले तेव्हा परत फिरलो. भूल उतरताना ओठाला आधी मुंग्या येतात, मग दुखतं. दहा महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी दुखलं. घरी येऊन तुझा एक डबा काढला, गरम केला आणि सगळा खाल्ला. वांग्यात मीठ जास्त पडलंय.

जानेवारीत येतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत हॅरोला पोचेन. मतांगीकाराला मी बसूनच राहीन, तेव्हा कडेची खुर्ची ठेव आणि अरुणाबाईंना बिस्किटं घरी ठेवायला सांग. श्यामलाबद्दल मी बोलेन. पाण्याचं मात्र पाळकांना सांगू नकोस. तिचं ते ‘करू देत’ तिने मंडळीला दिलं नव्हतं, तुला दिलं होतं. ती कुठे आहे हे मला माहीत नाही, ताई. तुलाही नाही. पण त्या सकाळी ती कुठे होती ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे.

राग अजून आहे. मायाही आहे, ती कमी झालेली नाही.

तुझा
शशी

ता. क. पत्राच्या माथ्यावर जागा कोरी सोडली आहे. तिथे काय लिहायचं ते मला अजून ठरवता येत नाही. तुला लिहावंसं वाटलं तर लिही. मी डोळे उघडे ठेवून वाचेन आणि खोडणार नाही.